त्या वर्षीचे शेंगदाणे

"पोन्सियानो, तोंड मिटून खा," असं मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं आणि मी तोंड मिटलं. आधी मिटलं, मग दचकलो. क्रम महत्त्वाचा आहे. टॅक्सी न्देबाच्या चौकात पाऊण तास उभी होती. चौदा माणसांच्या गाडीत आम्ही सतरा जण एकमेकांच्या कोपरांशी जुळवून घेत बसलो होतो. नोव्हेंबर म्हणजे कंपालात तळलेल्या नाकतोड्यांचा महिना; खिडकीशी आलेल्या बाईकडून मी एक माप घेतलं होतं. मापाचा तळ आतल्या बाजूनं ठोकून वर आणलेला होता. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं काढल्यावर असलं काही नजरेतून सुटत नाही, आणि निवृत्त झाल्यावर ते तोंडातून काढायचं नसतं. तर मी कुरुम कुरुम खात होतो. डॉक्टरनं तळलेलं बंद केलेलं, बायको वारलेली, मुलं टोरांटोला; म्हणजे बंदी होती, पण ती पाळायला लावणारं कोणी नव्हतं. मला नुसतं पोन्सियानो म्हणणारी माणसंही एकेक करून वर गेली. सहासष्टाव्या वर्षी मी सगळ्या शहराचा म्हातारबा झालोय. म्हातारबा, सरका. म्हातारबा, सही इथे. आणि अशात मानेमागे, बरोबर केस संपतात तिथे, ते वाक्य. आवाज माझ्या आजीचा नव्हता. आवाज पातळ होता, च्युइंग गम चघळत आलेला होता. पण वाक्य तिचं होतं, आणि वाक्यानंतरची शांतता, जिच्यात समोरच्यानं ऐकायचंच असतं, तीही तिचीच होती.

मी वळून पाहिलं. मागे माझी आजी बसली होती. वय तेवीस, निळ्या वेण्या, एका कानात वायर. न्देबातल्याच एका फोनदुरुस्तीच्या दुकानात ती काम करते, आणि तिचं नाव प्रॉसी. निदान गेल्या वर्षापर्यंत तेवढंच होतं. माझी खरी आजी, म्हणजे जाजा, म्हणजे मसाकाजवळच्या मिशन शाळेतल्या अनास्ताझिया बाई, एक्याण्णवाव्या वर्षी गेली त्याला आता एकोणीस वर्षं झाली. पण आमच्यात माणूस पुरलं की संपत नाही. शेवटचा विधी करून कुळानं वारस बसवला की मग मरण घराबाहेर पडतं. आमच्या घरातलं मरण अठरा वर्षं ठाण मांडून होतं, कारण विधीच्या तारखेवर दोन काकांचं एकमत होत नव्हतं, आणि ते दोघे गेल्यावर तिसऱ्याचं स्वतःशीच होईना. शेवटी तारीख ठरली तर वारस सापडेना. बाईची वारस बाईच लागते, आणि ती तिच्या बापाच्या कुळातली. पहिली पसंती लंडनला होती. दुसरी नव्या पंथाच्या चर्चमध्ये गेलेली. ती म्हणाली, असल्या भुताटकीत मी बसणार नाही. तिसरी जाजाच्या भावाची नात, ही प्रॉसी; ती जेवायला आली होती. वडीलधाऱ्यांनी तिच्या खांद्यावर झाडाच्या सालीचं वस्त्र गाठ मारून बांधलं, हातात टोपली आणि सुरी दिली आणि जाहीर केलं, ही अनास्ताझिया, तिची मुलं ती हिची मुलं, तिची नातवंडं ती हिची नातवंडं. झालं. ती माझी आजी झाली. सगळी नातवंडं, त्यांत पंचाहत्तर वर्षांचा माझा चुलतभाऊसुद्धा, रांगेनं तिच्या चटईपाशी जाऊन भेटून आली. मी स्वयंपाकाच्या मांडवामागे केळीत उभा राहिलो. लाज वाटली म्हणून नव्हे. भीती वाटली म्हणून. जाजाला सांगायची एक गोष्ट नवव्या वर्षापासून माझ्याकडे पडून होती. ती गेली तेव्हा, खोटं कशाला बोला, दुःखाबरोबर मला थोडी सुटकाही वाटली होती. ती सुटका कुळानं त्या दुपारी काढून घेतली. आता गोष्ट ऐकायला माणूस होतं.

"गर्दीत ओळख दाखवत नाहीस," प्रॉसी म्हणाली. "विधीलाही तोंड लपवलंस. मी मोजलं, एकतीस नातवंडं आली, एक कमी होतं."

मोजलं, हे ऐकून मी पुडा मांडीआड लपवला. जाजा दुसरी इयत्ता शिकवायची, चाळीस वर्षं दुसरीच, आणि मोजणं ती जपमाळेवर शिकवायची. दहा लहान मणी, मग एक मोठा. त्यामुळे तिची मुलं दहापर्यंत घोड्यासारखी धावायची आणि अकराव्याला थबकून "हे आमच्या स्वर्गातील बापा" म्हणायची. आयुष्यभर गेलं नाही ते. खात्यात मी गोदामातली पोती मोजायचो तेव्हा दर दहा पोत्यांनंतर माझे ओठ हलायचे, आणि व्यापारी समजायचे की साहेब लाचेचा आकडा पुटपुटतोय. शाळेत तिला बाई म्हणायचं, घरी जाजा. शाळा आणि घर यांत सत्तर पावलांचं अंतर होतं, आणि कुठल्या पावलावर बाईची जाजा होते ते मला कधीच पकडता आलं नाही. पहिल्या कम्युनियनच्या आधी फादरपुढे पापं कबूल करावी लागतात, म्हणून ती मुलांकडून पापांची तालीम करून घ्यायची. सात-आठ वर्षांच्या मुलांपाशी पापं असून असून किती असणार? कमी पडायची. मग ती वाटायची. तू खोटं बोललास. तू शेजारच्यांचं पपईचं झाड हलवलंस. तू देवळात मिस्साच्या वेळी पादलास आणि दुसऱ्याकडे पाहिलंस. मला आज्ञाभंग आला होता, आणि मी तो इतका मन लावून पाठ केला की पुढे करूनच टाकला. पण सगळ्याच्या वर तिचा एक नियम असायचा, तो ती फळ्यावर लिहायची नाही, डोळ्यांत बघून सांगायची: "ज्याचं वाईट केलंत त्याच्याकडे आधी जायचं. फादरकडे नंतर. देवाला घाई नसते. माणूस मरतो."

तर गोष्ट अशी. जाजाचं कुळ नाकतोड्याचं. आमच्याकडे ज्याचं जे कुळ, ते त्यानं खायचं नाही. ते खाणं म्हणजे चुलत्याला तळून खाणं. माझं कुळ वडिलांकडून एका जातीच्या माशाचं, म्हणून मी तो एक मासा सोडून सगळं खातो. जाजा तशी कट्टर. शेजारणीनं पोरीच्या कमरेला बांधलेला ताईत तिनं स्वतः सोडवून चुलीत घातला होता, भुतंखेतं म्हणजे अज्ञान असं ती ठणकावून सांगायची. पण नोव्हेंबर आला, सगळं गाव तळणाच्या वासानं वेडं झालं, की ती दारात केरसुणी आडवी ठेवायची आणि एकही नाकतोडा, जिवंत वा तळलेला, उंबरा ओलांडू शकायचा नाही. बायबलात बाप्तिस्मा देणारा योहान रानात नाकतोडे आणि मध खाऊन राहिला असं आहे. आमच्या वर्गात तो नुसताच मध खायचा. मोठेपणी मी ते वाक्य पहिल्यांदा पुरतं वाचलं तेव्हा मला योहानाबद्दल नव्हे, बाईंबद्दल कालवाकालव झाली.

सदुसष्ट साली शेजारणीनं मला केळीच्या पानात बांधून पुडा दिला. तळलेले, कांदा घातलेले, अजून कोमट. मी तो सदऱ्याखाली घालून केरसुणीवरून उडी मारली, आणि तेवढ्यात मागून जाजाची चप्पल वाजली. समोर भाजलेल्या शेंगदाण्यांचा डबा होता. मी पान त्यात उलटं केलं, वरून दाणे सारले आणि पुस्तक उघडून बसलो. त्या दिवशी रविवार होता आणि फादर गोन्झागा जेवायला यायचे होते, हे मला माहीत होतं. आमटी शेंगदाण्याचीच होणार, हेही माहीत होतं. एका गोष्टीशेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघायचं मात्र सुचलं नाही. जाजानं न बघताच डबा उखळात रिकामा केला आणि कुटायला घेतलं. ती कुटायची तेव्हा डोळे मिटून जपमाळ म्हणायची, एका घावाला एक 'नमो मरिये'. वाया जाणारं काहीच तिला चालायचं नाही, घावसुद्धा. मी समोर उभा होतो. पहिल्या दहा घावांत बोलायला हवं होतं. तेव्हा अजून नाकतोड्यांचे पाय ओळखू येत होते. दुसऱ्या दहात मी तोंड उघडलं. तिनं डोळे न उघडताच "तोंड मिट, माशी जाईल" म्हटलं. तिसऱ्या दहात त्याचं पीठ झालं, आणि माझ्या आयुष्याचंही काहीतरी.

फादरांनी तीनदा वाढून घेतलं. जाजानं, जी उपासाच्या सवयीनं चिमणीएवढं खायची, दोनदा. दुसऱ्या वेळी तिनं चमचा थांबवला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "फादर, यंदा देव शेंगदाण्यांत उतरलाय." फादर म्हणाले, "आमेन." मी मीठ मागितलं, उगाच.

एवढ्यावर भागलं असतं. पण जाजानं त्या शेंगदाण्यांचं बी शोधून काढलं, पेरलं, दर वर्षी कुटलं, दर वर्षी चाखून मान हलवली. "चांगले आहेत. पण त्या वर्षीचे नव्हेत." मग ते वर्गात शिरलं. दैवी कृपा म्हणजे काय, हे दुसरीतल्या पोरांना समजावणं भल्याभल्यांना जमत नाही. जाजा सांगायची: सदुसष्ट सालचे शेंगदाणे. मागून मिळत नाहीत, कष्टानं येत नाहीत, येतात तेव्हा कुठून आले कळत नाही, आणि चव मात्र जन्मभर जिभेवर राहते. मुलांना एका झटक्यात कळायचं. त्या मुलांतला एक आज बिशप आहे. त्यांनी मोठ्या देवळात हाच दाखला देऊन प्रवचन केलं आणि दोन हजार माणसांनी डोळे पुसले. मी चौथ्या रांगेत होतो. दोन हजार माणसांची श्रद्धा कशावर उभी आहे हे माहीत असलेला त्या छपराखाली मी एकटा, आणि वर क्रुसावरचा तो.

नाही, तिसरेही होते, पण ते तोवर वारले होते. नवव्या वर्षीच मी फादर गोन्झागांकडे पापनिवेदनाला गेलो होतो. सगळं सांगितलं.  मग फादर म्हणाले, "किती होते?"

"पानभर."

"आणि मी..."

"तुम्ही तीनदा घेतलंत, फादर."

 मग जाळीतून उसासा आला. "पोरा, माझंही कुळ नाकतोड्याचंच."

मी जाळीला डोळा लावला. शेवटी फादर म्हणाले, "हे पाप नक्की कोणाचं, ते मला रोमला विचारावं लागेल. तोवर बाईंना काही बोलू नकोस."

"पण बाई म्हणतात, आधी त्या माणसाकडे..."

"बाई काय म्हणतात ते मला माहीत आहे. म्हणूनच सांगतोय."

रोमचं उत्तर आलं नाही. फादरांनी शेंगदाणे सोडले आणि कारण पोटाचं सांगितलं. मी मोठा झालो, नोकरीला लागलो, दर नाताळला आज सांगू म्हणत गावी गेलो आणि साखर, साबण आणि ती गोष्ट घेऊन दारात उभा राहिलो. साखर-साबण ठेवून परत आलो. माणसाला वाटतं धीर गोळा होतोय. खरं तर नुसतं वय गोळा होत असतं.

"काय खातोयस एवढं लपवून?" प्रॉसी पुढे वाकली. पुड्यात बघितलं आणि मागे सरली. "ई. मला नाही चालत. कुळ."

"माहीत आहे," मी म्हणालो. गाडी चार पावलं पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. माझ्या शेजारी मांडीवर केकचं मोठं खोकं घेतलेल्या एक पोक्त बाई होत्या. गाडीच्या हिसक्यासरशी त्या खोक्याला पोटाशी धरत होत्या. वाटलं, आत्ता नाही तर मग केळीतच उभं राहायचं, कायमचं. "जाजा," मी म्हणालो. पहिल्यांदाच म्हणालो, आणि सतरा माणसांत. "तुला एक सांगायचंय."

कंडक्टर उत्तरेकडच्या गुलू गावचा पोरगा; तिकडे असा वारस बसवत नाहीत. तो खिदळला. "म्हातारबा, ही तुमची आजी? मग तुमचं वय काय, उणे चाळीस?"

"वारस बसलीय ती, अडाण्या," केकवाल्या बाईंनी त्याला परस्पर झापलं. "तू दार सांभाळ. बोला हो तुम्ही."

मी बोललो. पान, डबा, उखळ, तीस घाव, सगळं. प्रॉसीनं कानातली वायर काढली. चघळणं थांबलं.

"थांब, थांब. म्हणजे मी खाल्ले?"

"हो."

"नाकतोडे? मी?"

"दोनदा वाढून घेतलेस."

"आई गं." तिनं तोंडावर हात ठेवला. मग बोटांतून विचारलं, "कसे लागले मला?"

"तू म्हणालीस, देव उतरलाय."

ती हसली. आधी नाकातून, मग सगळीच, निळ्या वेण्यांसकट. पुढच्या बाकावरचा एक जण वळून हसला, त्याला काय ते कळलंही नसेल. "खरं सांगू?" ती हळूच म्हणाली. "लहानपणी मी एकदा एक पाय चोखला होता. नुसता पाय. आठवडाभर वाटत होतं, आता अंगाला पंख फुटणार. हे तर अजाणता. जा, माफ केलं."

इतकं सोपं. सत्तावन्न वर्षं, आणि सिग्नल सुटायच्या आत. मी तिथेच थांबायला हवं होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एक शिकलो होतो, की तराजू बरोबर आला की दुकानातून बाहेर पडावं. पण तिच्या त्या हसण्यानं छाती मोकळी झाली होती आणि मोकळ्या छातीचा माणूस जास्त बोलतो. मी म्हणालो, "अजून एक आहे." आणि जाजाच्या शेवटच्या आठवड्याचं सांगितलं. कसं तिनं अन्न सोडलं होतं, कसं सगळ्यांना बाहेर काढून मला म्हणाली, पोन्सियानो, त्या वर्षीसारखी आमटी मिळेल का रे एकदा, चमचाभर. नोव्हेंबरच होता. मी मसाकाच्या बाजारात गेलो. दोन्ही बाजूंना नाकतोड्यांचे ढीग, हिरवे, तपकिरी, तळलेले. मी एका ढिगापाशी इतका वेळ उभा राहिलो की विकणारीनं मला बसायला खोकं दिलं. मग शेंगदाणे घेऊन परत आलो. निवडून घेतले, स्वतः कुटले, मोठ्यानं जपमाळ म्हणत. तिनं चमचाभर चाखलं. "नव्हेत रे," म्हणाली. "पण तू कष्ट घेतलेस." तिसऱ्या दिवशी गेली.

प्रॉसी माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा कुठेही जाजासारखा नाही. नाक वेगळं, कपाळ वेगळं.

"म्हणजे मी मरत होते," ती सावकाश म्हणाली, "आणि एक गोष्ट मागितली."

"हो."

"आणि ती बाजारात होती."

"ढीगभर."

"मग?"

"तुझं कुळ, जाजा. एकदा चुकून झालं ते झालं. मुद्दाम कसं..."

"मला विचारायचं."

"विचारलं असतं तर आधीचं सांगावं लागलं असतं."

"मग सांगायचं!" ती एवढ्यानं ओरडली की ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. "माझं कुळ मी बघितलं असतं. एक्याण्णव वर्षांची होते मी, कुक्कुलं बाळ नव्हते. मी 'नको' म्हटलं असतं, किंवा डोळे मिटून 'आण' म्हटलं असतं. ते माझं होतं. तू मला वाचवलं नाहीस, पोन्सियानो. तू स्वतःला वाचवलंस."

"बरोबर बोलली," केकवाल्या बाई म्हणाल्या. कंडक्टरनंसुद्धा मान हलवली. गुलूच्या पोरालाही हे कळायला वेळ लागला नाही.

 मला त्या क्षणी एकच विचित्र गोष्ट कळत होती: आजवर मी चुकीच्या पापाची माफी मागायला हिंडत होतो. पान, डबा, उखळ यांना मी दर नोव्हेंबरला घासून पुसून ठेवलं होतं, आणि खरं पाप बाजारातल्या खोक्यावर बसलेलं होतं, सत्तेचाळीस वर्षांचं, पगारदार, हातात वजनमापे खात्याची पिशवी.

"पहिलं माफ," प्रॉसी म्हणाली. "दुसरं नाही. आत्ता तरी नाही." तिनं वायर गुंडाळून पर्समध्ये टाकली, छतावर दोनदा थाप मारली, आणि कंडक्टरनं अडकलेल्या गाडीचं दार तिथल्या तिथे सरकवलं. ती माझे गुडघे ओलांडून उतरली.

माझा थांबा अजून तीन मैल पुढे होता. मी उतरलो. का उतरलो, हे विचारायला कंडक्टरनं तोंड उघडलं, पण केकवाल्या बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. प्रॉसी ताड ताड चालत होती, लाकडी पलंगांच्या दुकानांवरून, टायरवाल्यांवरून. मी मागे, एका हातात पुडा, दुसऱ्या हातानं दुखरा गुडघा दाबत. "जाजा, हळू," मी म्हणालो. ती थांबली नाही, पण पलंगाच्या दुकानापाशी तिनं उगाच एका पलंगाचा पाय हलवून बघितला, तोवर मी पोचलो. रस्ता ओलांडायचा होता. न्देबाला बोडावाले, म्हणजे मोटारसायकलवरून भाडी नेणारे, दोन्ही बाजूंनी येतात, आणि कधीकधी फुटपाथवरून तिसऱ्याही. ती कडेला उभी राहिली, सगळीकडे एकदा करडं बघितलं, आणि माझ्याकडे न बघता हात मागे केला.

मी सहासष्ट वर्षांचा निवृत्त निरीक्षक आहे. मी तो हात धरला. पलीकडे पोचल्यावरही तिनं तो सोडला नाही. पण ते माफीचं लक्षण होतं की पकडून नेण्याचं, हे मला खात्रीनं सांगता येणार नाही.